उजव्या खांद्याचा हिशेब

(कसबा बावडा इथं परिसरातल्या महिला गटांच्या आरोग्य मेळाव्यात एका कार्यकर्तीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. घरातल्या माणसांविषयी मोकळेपणानं बोलता यावं म्हणून त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही.)

मघाशी घोषणा झाल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "ताई, तुम्ही डावखुऱ्या काय?" नाही हो. मी उजव्या हातानंच जेवते, उजव्या हातानंच लिहिते. पण घोषणा देताना मूठ डाव्या हाताची वर जाते. उजवा हात कानाच्या वर न्यायचा म्हटलं की मला आधी विचार करावा लागतो. दोन वर्षं होत आली याला.

मला आज आरोग्यावर बोला म्हणून सांगितलंय. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पतसंस्थेत काउंटरवर बसणारी बाई आहे. तेव्हा मी सगळ्या शरीराबद्दल बोलत नाही, या एका खांद्याबद्दल बोलते. "खांद्याला खांदा लावून लढू या" असं आपण प्रत्येक मोर्चात म्हणतो. पण तो खांदा दुखतोय का, हे आपण एकमेकींना विचारत नाही.

माझा खांदा वजनं उचलताना दुखावला. हे ऐकून काही जणी हसल्या, ते मला दिसलं. हसा. माझ्या घरी तर हसण्याच्या पुढचं झालं होतं.

२०२२ साली माझ्या रक्तातली साखर वाढायला लागली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण वाटेवर आहात. चाला, आणि जमलं तर वजनांचा व्यायाम करा. स्नायू बळकट झाले की ते साखर वापरतात आणि पाळी जायच्या वयात हाडंही टिकतात. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते, की मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. त्यात पुरुषांनी असं म्हटलेलं नाही. माणसांनी म्हटलंय.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. जवळच्या जिममध्ये सकाळी साडेदहा ते साडेअकरा बायकांची वेळ होती, पण तेव्हा मी कामावर. म्हणून संध्याकाळी सातला जायला लागले. सगळे पुरुष, आणि आम्ही दोघी-तिघी. सात वाजता म्हणजे भाकरी थापायची वेळ. त्या एका तासासाठी घरात किती बोलणी झाली, ते सांगत बसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तास मिळाला, पण तो मागून घेतलेला तास होता. कधीही परत द्यावा लागेल असा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपलं कोल्हापूर तालमींचं गाव. शाहू महाराजांचा जन्म आपल्या बावड्यातल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला, २६ जून १८७४ ला. त्यांनी मल्ल पोसले, खासबागेचं मैदान उभं केलं. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं ऑलिंपिक पदक आणलं. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या पोरांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजनं उचलून पदकं मिळवली. बळ म्हणजे काय हे या गावाला कुणी शिकवायला नको. पण ते बळ कुणाचं? पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ साली, सांगलीत, आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मधे बासष्ट वर्षं गेली. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून वजनं उचलतात. बायकांना ती परवानगी मिळाली २००० साली, सिडनीला. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीनं आपल्या देशाला पदक आणून दिलं. म्हणजे दार उघडल्याबरोबर बाई आत जाऊन पदक घेऊन आली. दारच उघडायला शंभर वर्षं लागली.

तर मी सांगत होते माझं. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या जिममध्ये महिला दिनानिमित्त बायकांची वजन उचलण्याची स्पर्धा ठरली. बार छातीपासून डोक्यावर न्यायचा. नुसता बारच वीस किलोचा असतो. प्लेटा लावून मी पंचवीस किलोपर्यंत आले होते, तेही दीड वर्षात, हळूहळू. स्पर्धा म्हटल्यावर अंगात आलं. तीन आठवड्यांत पस्तिसावर गेले. चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. एका संध्याकाळी बार वर नेताना उजव्या खांद्यात आतून कळ आली. बार खाली ठेवला. शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, दुखतंय म्हणजे स्नायू वाढायला लागलेत." मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून खरं वाटलं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. व्यायामानंतरचं दुखणं आणि इजेचं दुखणं यांत फरक आहे. व्यायामाचं दुखणं मांसात असतं, बोथट असतं, बहुतेक दोन्ही बाजूंना असतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. इजेचं दुखणं सांध्याजवळ, एकाच बाजूला, एका ठरावीक हालचालीला चमक मारणारं असतं. त्या कुशीवर झोपलं की रात्री जागं करतं. आठवड्यानंही जात नाही. मला हे सगळं होत होतं. ब्लाऊजचे हूक लावता येईनात. वेणी घालायला हात मागं जाईना. स्कूटर स्टँडला लावताना डोळ्यांत पाणी यायचं.

आणि मी पाच महिने कुणालाही सांगितलं नाही.

का? कारण सांगितलं तर तो तास जाणार होता. आपलं दुखणं आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. मुलगी उशिरा घरी आली आणि वाटेत कुणी छेडलं, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं तर क्लास बंद होतो. माझं तसंच होतं. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, पण तीच भीती. मी गोळ्या खात राहिले. दुकानातून आणायच्या, चहाबरोबर घ्यायच्या. शेवटी पोटात जळजळ सुरू झाली. या वेदनाशामक गोळ्या अशा मनानं महिनोन् महिने घेऊ नयेत. पोटाला अल्सर होतो, मूत्रपिंडांना त्रास होतो. हे मला नंतर कळलं.

शेवटी उघड झालंच. एका रविवारी माळ्यावरचा डबा काढताना तो हातातून सुटला आणि पीठ सगळ्या स्वयंपाकघरात. आत्ती म्हणाल्या, "सांगत नव्हते का? बाईच्या जातीनं असलं उचलू नये." नवरा म्हणाला, "बघ, मी काही बंद कर म्हणत नाही. पण आता तूच ठरव." म्हणजे बंद कर.

शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात थोडा फिरवून बघितला, फोटो काढला. हाड ठीक आहे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "यांना जिमला कशाला पाठवता?" मी तिथंच बसले होते हो, समोरच्या खुर्चीत. माझ्या पायानं चालत जिमला गेलेली बाई. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "वजन उचलायचं नाही. तीन महिने पूर्ण विश्रांती."

आता ऐका गंमत. त्या दिवसापासून जिम बंद झालं. त्या दिवशी संध्याकाळी घरातला गॅस संपला. भरलेली टाकी मागच्या बाजूला होती. मीच ती ओढत, उचलत शेगडीपाशी आणली. टाकीत गॅस १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन जवळजवळ तितकंच, थोडं जास्तच. म्हणजे तीस किलोच्या आसपास. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलेल्या बाईनं, त्याच दिवशी. नवऱ्यानं बघितलं, आत्तींनी बघितलं, मुलानं बघितलं. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. खरं सांगते, मलाही वाटलं नाही.

चार महिने जिम बंद होतं. खांदा तसाच. उलट आणखी आखडला.

मग एका मैत्रिणीनं मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे नेलं. वयानं माझ्या पुतणीएवढी. तिनं हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि मग विचारलं, "ताई, दिवसभरात हात कशाकशासाठी वर जातो? काय काय उचलता?" मी म्हटलं, काही नाही, जिम तर बंद आहे. ती हसली. म्हणाली, "एक आठवडा वही घाला. जे जे उचलाल ते लिहा."

ती वही मी आज आणलीय. पहिल्या दिवसाचं पान वाचते. सकाळी सहा वाजता नळ आला. खालच्या नळावरून माडीवरच्या पिंपात बादल्या १०. बादली १५ लिटरची. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो. दहा बादल्यांचे झाले दीडशे किलो, तेही जिन्यानं. भाकरी १२. कणीक मळणं एकदा. माळ्यावरचे आणि वरच्या फळीवरचे डबे, खांद्याच्या वर हात गेला १४ वेळा. ओले कपडे पिळून दोरीवर टाकणं, त्यात दोन चादरी. ही दोरी नवऱ्यानं बांधलीय, त्याच्या उंचीनं. मी टाचा उंच करून कपडे टाकते. स्कूटर स्टँडला लावणं ४ वेळा. बाजाराची पिशवी. पतसंस्थेत वरच्या कपाटातली खातेवही. हे एका दिवसाचं. जिममध्ये मी आठवड्यातून तीन दिवस जायची, पाऊण तास. त्यातही प्रत्येक वेळी दोन फेऱ्यांमध्ये विसावा असायचा. बादल्यांच्या मधे कोण विसावा देतं? नळ जायच्या आत भरायचं असतं.

आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. महापूर. पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली होती, शहराचा पाणीउपसाच पाण्याखाली गेला होता. बाहेर पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. टँकरच्या रांगेत आपण सगळ्या होतो. दिवसचे दिवस कळश्या आणि बादल्या वर नेल्या. तेव्हा कुणी म्हणालं, "बाईच्या जातीनं असलं उचलू नये"? एक माणूस म्हणाला नाही.

म्हणजे बाईनं वजन उचलू नये असं कुणाचंच म्हणणं नाही, मैत्रिणींनो. तिनं ते स्वतःसाठी उचलू नये, एवढंच म्हणणं आहे. घरासाठी उचलते तेव्हा ते वजनच नसतं. ते काम असतं, किंवा तेही नसतं.

त्या मुलीनं मला खांदा समजावून सांगितला. तो तुम्हाला सांगते, कारण समजलं की भीती कमी होते. खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. खांद्याचं तसं नाही. इथं गोळा मोठा आणि त्याच्याखालची बशी उथळ. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो लवकर दुखावतो. त्या गोळ्याला बशीत धरून ठेवतात चार छोटे स्नायू. त्यांतल्या एकाची दोरी, म्हणजे कंडरा, वरच्या हाडाच्या कमानीखालून जाते. ताकदीपेक्षा जास्त भार अचानक आला, किंवा थोडा थोडा भार विश्रांतीशिवाय येत राहिला, की ती कंडरा दुखावते. कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी. त्यामुळे ती मांसासारखी लवकर भरून येत नाही. आठवडे नाही, महिने लागतात. आणि पूर्ण विश्रांतीनं ती बळकट होत नाही. तिला मोजून, हळूहळू वाढवत काम द्यावं लागतं. म्हणजे माझं औषध वजन उचलणं हेच होतं. पण मोजून. आणि बाकीचं ओझं कमी करून.

एका ओळखीच्यांनी सुचवलं होतं, दुर्बिणीनं ऑपरेशन करून टाका. घाई करू नका. कमानीचं हाड घासून जागा करायचं जे ऑपरेशन असतं, त्यावर इंग्लंडमध्ये मोठा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही जणांचं खरं ऑपरेशन केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घातली आणि हाडाला हात लावला नाही. कुणाचं खरं, हे पेशंटला सांगितलं नव्हतं. दोघांना आलेल्या गुणात महत्त्वाचा असा फरक दिसला नाही. पडून, अपघातानं कंडरा तुटली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ऑपरेशन लागूही शकतं. पण सरसकट नको.

आता घरातली गोष्ट. वही घरी वाचायची ठरवली. हात थरथरत होते, खरंच. जेवणं झाल्यावर वाचली. नवरा गप्प. मुलगा म्हणाला, "आई, हे सगळ्यांच्याच घरी असतं." आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा बी हात वर जात न्हाई."

मला वाटलं, वयाचं म्हणतायत. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, "तुझं लगीन व्हायच्या आधीपासून. वैरणीचा भारा उतरवताना मुरगळला. तीस वर्षं झाली." मी म्हटलं, आत्ती, मग बोलला का नाही? त्या म्हणाल्या, "कुणी इचारलं?"

मैत्रिणींनो, या घरात लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचे केस विंचरून अंबाडा घालून देत आलेय. रोज सकाळी, माझ्या घाईच्या वेळी. बाईंनी बाईला राबवायचं म्हणून हा सासूपणा चाललाय, असं मी वीस वर्षं समजत होते. तुमच्यापैकी काहींना मी तसं सांगितलंही आहे. त्यांचा हातच डोक्यामागं जात नव्हता. एका घरात, एका चुलीपाशी, दोन बायका एकच दुखणं घेऊन वावरत होत्या आणि एकमेकींवर रागावत होत्या.

त्या रात्री आत्तीच मुलाला म्हणाल्या, "उद्यापासनं पाणी तू भर." दहा दिवस नवऱ्यानं बादल्या वर नेल्या. अकराव्या दिवशी मोटर आली. हसू नका, खरं आहे. वीस वर्षं ज्या घराला मोटर परवडत नव्हती, तिथं दहा दिवसांत परवडली. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याला ते ओझं तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यानंतर दोरी हातभर खाली आली. रोजचे डबे खालच्या फळीवर आले. टाकी मुलगा बदलतो. कणीक दोन दिवस नवरा मळतो, घट्ट होते, पण खातो. सगळं सुरळीत झालं असं सांगायला मी आलेले नाही. पाहुणे आले की दोरी परत वर जाते, आणि "तिचा खांदा" हा घरात चेष्टेचा विषयही होतो. दर पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावं लागतं.

खांद्याचं म्हणाल, तर बारा आठवडे रोज वीस मिनिटं व्यायाम केला. आधी भिंतीवर बोटं चढवायची, मग रबरी पट्टी ओढायची, मग एक किलोचं डंबेल. पस्तीस किलो उचलायला निघालेली बाई एक किलोवर आली. पहिल्या दिवशी रडू आलं. सहाव्या महिन्यात जिमला परत गेले. तिथल्या पोरी दहा-दहा किलोची वजनं फिरवतायत आणि मी कोपऱ्यात एक किलो घेऊन. आता छातीपर्यंतचं सगळं बरं जमतं. डोक्यावर मात्र पाच किलोच्या पुढं जात नाही. थंडीत आणि जास्त कामाच्या दिवशी रात्री ठणकतो. तो पूर्वीसारखा होईल असं मी आता धरून चालत नाही. त्याच्याशी जमवून घेतलंय. ज्या दिवशी तो म्हणतो नको, त्या दिवशी पायांचा व्यायाम करते. साखर ताब्यात आहे. तास अजून माझा आहे.

आपल्याच गावची नेमबाज राही सरनोबत. २०१४ नंतर कोपराच्या दुखापतीमुळे ती बराच काळ स्पर्धांपासून लांब होती. लोकांनी तिला विसरायला सुरुवात केली असेल. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं, आणि नेमबाजीत असं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मणिपूरची मीराबाई चानू. लहानपणी भावाला न उचलणारी सरपणाची मोळी ती उचलायची, असं तिच्याबद्दल सांगतात. पाठीच्या दुखण्यामुळे २०१८ ची आशियाई स्पर्धा तिला सोडावी लागली. पुढं अमेरिकेत जाऊन तिनं पाठीवर-खांद्यावर उपचार घेतले आणि टोकियोला २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. मला यातून जिद्दीचे धडे सांगायचे नाहीत. सांगायचं ते वेगळंच. या खेळाडूंना दुखापत झाली तेव्हा "घरी बसा" हा एकच सल्ला मिळाला नाही. वेळ मिळाला, उपचार मिळाले, शिकवणारे मिळाले. सरपणाची मोळी उचलणाऱ्या बाकीच्या मुलींचे खांदे आज कसे आहेत, ते कोण बघतंय?

आपल्या बावड्यात साखर कारखाना आहे. हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात, तेव्हा डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. उचल घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे तिचं ओझं वेगळं मोजलंच जात नाही, ते त्याच्या नावात जिरून जातं. हमालांनी, माथाडींनी संघटना केली, लढा दिला, तेव्हा १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगारानं किती ओझं उचलावं याची मर्यादा ठरवायचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. म्हणजे ओझं मोजता येतं आणि त्याला मर्यादा असते, हे कायद्यानं कधीच मान्य केलंय. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र ना मोजणी, ना मर्यादा. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं आलंय, की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष, तेही जे करतात ते, ८८ मिनिटं. या पाहणीत मिनिटं मोजली. किलो अजून कुणी मोजले नाहीत. ते आपण मोजू या.

म्हणून मी तीन-चार गोष्टी मागते, गटांकडून.

एक. प्रत्येक गटात एक आठवडा वही घाला. काय उचललं, किती वेळा, हात खांद्याच्या वर किती वेळा गेला. लिहिता न येणारीनं शेजारणीला सांगावं. वही घरात मोठ्यानं वाचा.

दोन. आपल्या आरोग्य शिबिरात रक्त तपासतो, वजन घेतो. त्याबरोबर प्रत्येकीला दोन्ही हात वर करायला सांगा आणि मग पाठीमागं न्यायला. अर्धं मिनिट लागतं. चाळीस ते साठ वयात, विशेषतः मधुमेह असेल तर, खांदा आखडण्याचं दुखणं बायकांत जास्त दिसतं. लवकर कळलं तर बरं.

तीन. डॉक्टरांनी "वजन उचलू नका" म्हटलं की विचारा, कुठलं वजन? बादली धरून का? किती दिवस? त्यानंतर कुठला व्यायाम? आणि घरच्या माणसाला आत घेऊन जा, पण उत्तर तुम्ही द्या. पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, मुंग्या येतात, बोटांतली ताकद गेली, सांध्याला सूज येऊन ताप आला, तर थांबू नका. आणि खांदा दुखताना छातीत दडपण, धाप, घाम असेल तर ते हृदयाचंही असू शकतं. तेव्हा ताबडतोब दवाखाना.

चार. तरुण मुली तालमीत, जिममध्ये जातायत. २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत वजनं उचलून सांगलीच्या काजोल सरगरनं सुवर्ण आणलं. या मुलींना थांबवू नका. फक्त सांगा, वजन हळूहळू वाढव, आणि दुखलं तर घरी सांग. दुखणं सांगितलं म्हणून तुझा तास जाणार नाही, एवढा शब्द आपण त्यांना दिला पाहिजे. मला तो कुणी दिला असता तर माझे पाच महिने वाचले असते, आणि कदाचित खांदाही.

आता बसते. पण त्याआधी एकदा सगळ्यांनी दोन्ही हात वर करा. हं, अगदी वर, कानाला लागेपर्यंत. आता आजूबाजूला बघा. ज्या मैत्रिणीचा हात अर्ध्यातच थांबलाय, तिला आज घरी जायच्या आधी विचारा, "कधीपासून गं?" आमच्या आत्तींना हा प्रश्न विचारायला तीस वर्षं लागली.